भाकरी सोडण्याआधी गोळ्यांचं पाकीट दाखवा

भाकरी बंद, तूप सुरू. कर्बोदकं अगदी कमी आणि स्निग्धांश जास्त अशा या कीटो आहाराबद्दल जळगाव, धुळे, नंदुरबारहून तेच ते प्रश्न येत आहेत, म्हणून उत्तरं एकत्रच देतो.

प्रश्न : घरची केळीबाग आहे. या आहारात रोज एक केळं चालेल का? (रावेर)

नाही. मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण 27 ग्रॅम कर्बोदकं असतात आणि कडक कीटो आहारात दिवसभराची मर्यादाच 20 ते 50 ग्रॅम असते.

प्रश्न : शेजारीण म्हणते, ज्वारीची भाकरी सोडा, कळण्याची खा, तिने शुगर वाढत नाही. (पारोळा)

कळणा कशाचा दळतात, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? ज्वारीचाच, उडीद घालून. उडदामुळे प्रथिनं वाढतात हे खरं, पण पिठात निम्म्याहून जास्त कर्बोदकंच राहतात. तीनऐवजी एकच भाकरी घ्या आणि भरीत, मेथी, अंडी वाढवा. शेवभाजीला ‘बेसनाचीच तर आहे’ म्हणून सूट नको.

प्रश्न : ‘कीटो आटा’ घ्यावा का? फार महाग आहे. (भुसावळ)

पाकिटाची पुढची बाजू वाचूच नका. मागे 100 ग्रॅममध्ये कार्बोहायड्रेट किती ते बघा. घटकांच्या यादीत जे सर्वांत जास्त असतं ते पहिलं लिहितात. तिथे गव्हाचं पीठ असेल तर पाकीट परत ठेवा.

प्रश्न : तूप कितीही खा, कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांचं थोतांड आहे, असा व्हिडिओ पाहिला. माझं वजन उतरलं, पण एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) 190 झालं. (धुळे)

व्हिडिओ त्यांचा, रक्तवाहिन्या तुमच्या. या आहारात काहींचं एलडीएल झपाट्याने चढतं. तूप, मलई, खोबरेल आवरा. स्निग्धांश शेंगदाणे, तीळ, जवस यांतून घ्या. वनस्पती तूप तर नकोच. (विप्रोने 1945 साली अमळनेरात सुरुवात केली ती वनस्पती तुपापासूनच, तेव्हा आपलं त्याच्याशी नातं जुनं आहे.) 190 हा आकडा घरी बसून बघत राहण्याचा नाही. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मिस्टरांना मधुमेह आहे, रोज दोन गोळ्या घेतात. ओळखीच्या एकाच्या सांगण्यावरून त्यांनी एप्रिलपासून भाकरी-भात बंद केला. आता मळमळतं, थकवा आहे, पण शुगर 160च येते. शरीराला सवय होतेय, असं ते गृहस्थ म्हणतात. (शहादा)

ताई, हे वाचत असाल तेव्हाही मळमळ असेल तर पेपर खाली ठेवा आणि त्यांना दवाखान्यात न्या. गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.

बाकीच्यांनी नीट वाचावं. पाकिटावर औषधाचं मूळ नाव बारीक अक्षरांत असतं. ते ‘ग्लिफ्लोझिन’ने संपत असेल, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, तर ती गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते. कर्बोदकंही तोडली की शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून तयार होणारे कीटोन साठतात आणि रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. यात जीव जाऊ शकतो. फसवणूक अशी की मीटरवर शुगर फारशी वाढलेली दिसतच नाही, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. त्यात आपल्याकडचं 44-45 अंशांचं ऊन आणि अंगातलं आटलेलं पाणी. उलट्या, पोटदुखी, धाप यांपैकी काहीही झालं तर 160 आकड्यावर विसंबू नका, कीटोन तपासायला सांगा.

दुसरी गोळी ग्लिमेपिराइड. तुम्ही भाकरी खाल्ली की नाही, हे तिला कळत नाही. ती शरीराला इन्शुलिन सोडायला लावतेच, शुगर फार खाली जाते. मग शेतात घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस कोसळतो. हल्ली एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, त्यामुळे ‘मी एकच गोळी घेतो’ याला अर्थ नाही. म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू का? तेही नाही. विशेषतः इन्शुलिन तर मुळीच नाही. ताट आणि गोळ्या एकाच वेळी बदलायच्या असतात, तेही डॉक्टरांनी. ‘आहार बसला की सांगू’ म्हणून लोक दोन महिने थांबतात आणि थेट रात्री दाखल होतात.

प्रश्न : हा आहार आयुष्यभर करता येईल का? (अमळनेर)

कशाच्या बदल्यात काय खाता, त्यावर आहे. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मधला 2018चा अमेरिकी अभ्यास सांगतो की कर्बोदकांतून 50 ते 55 टक्के ऊर्जा घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका सर्वांत कमी होता, 40च्या खाली आणि 70च्या वर तो वाढलेला दिसला. कर्बोदकांची जागा डाळी-शेंगदाण्यांनी घेतली तर धोका कमी, मांसाने घेतली तर जास्त. अभ्यास निरीक्षणाचा आहे, शेवटचा शब्द नव्हे. पण आपलं ताट 60 टक्क्यांच्या पुढे असतं, तेव्हा थोडं उतरायला वाव आहे. तळ गाठायची घाई कशाला?

प्रश्न : मुतखडा होऊन गेला आहे. (चोपडा)

कडक कीटोने पुन्हा होण्याची शक्यता वाढते. आधी किडनीची तपासणी करा.

प्रश्न : मुलगी गरोदर आहे, वजन फार वाढलंय. तिने करावा का? (नंदुरबार)

नाही. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तिच्या ताटातलं काहीही कमी करू नका.