‘ले मेंबर’ला मराठीत काय म्हणायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘माझ्या वहिनी इंग्लंडमध्ये असतात. तिथल्या एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलवर ले मेंबर म्हणून त्यांची नेमणूक झाली. गावच्या शाळेच्या स्मरणिकेत त्यांची ओळख छापायची आहे. मी “रोजगार न्यायाधिकरणाच्या सामान्य सदस्य” असे लिहिले, तर मामा म्हणाले, सामान्यच आहेत तर छापता कशाला? इथे नेमका शब्द कोणता?’

मामांचा कान चांगला आहे. ‘सामान्य सदस्य’ म्हटले की आपल्याला वाचनालयाची पावती आठवते. आजीव सदस्य वेगळे, आश्रयदाते वेगळे आणि वर्षाची वर्गणी भरणारे ते सामान्य. वहिनींनी वर्गणी भरलेली नाही, त्या निवाडा करायला बसतात.

शब्दाकडे जाण्याआधी काम काय ते पाहू. ब्रिटनमध्ये ही न्यायाधिकरणे १९६४च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्याने सुरू झाली. तेव्हा त्यांचे नाव ‘इंडस्ट्रियल ट्रायब्युनल’ होते आणि काम अगदी किरकोळ होते: मालकांवर बसवलेल्या प्रशिक्षण-पट्टीविरुद्धची अपिले ऐकणे. पुढे नोकरकपातीच्या भरपाईचे दावे आले, १९७१च्या कायद्यानंतर अन्यायाने कामावरून काढल्याचे दावे आले, आणि १९९८मध्ये नावही बदलले. पीठाची मूळ रचना तीन जणांची. मध्ये कायदा शिकलेला न्यायाधीश, एका बाजूला मालकांच्या यादीतून आलेला सदस्य, दुसऱ्या बाजूला नोकरदारांच्या यादीतून आलेला. हे दोघे म्हणजे ले मेंबर. तिघांची मते सारख्याच वजनाची असतात. दोघे एका बाजूला झाले तर न्यायाधीश अल्पमतात जातो आणि निकाल या दोघांचा लागतो. म्हणजे वहिनी शोभेच्या पाहुण्या नाहीत. अलीकडे मात्र न्यायाधीशाने एकट्याने बसण्याचे प्रमाण वाढले आहे. २०१२पासून अन्यायाने काढल्याचे साधे दावे सहसा एकटा न्यायाधीशच ऐकू लागला.

आता ‘ले’. ग्रीक ‘लाओस’ म्हणजे लोक, त्यावरून ‘लाइकोस’, मग लॅटिन आणि फ्रेंच अशा पायऱ्या उतरत तो इंग्रजीत आला. ‘लाइकोस’ आणि आपला ‘लौकिक’ यांचा उच्चार आणि अर्थ इतके जवळ की सख्खे भाऊ वाटावेत. पण नाते नाही. ‘लोक’ शब्दाचे मूळ उजेड आणि मोकळी जागा या अर्थांकडे जाते. ‘लाओस’चे घराणेच वेगळे. (हे नाते मी स्वतः दोनदा खरे मानून लोकांना सांगितले आहे, म्हणून आधीच सावध करतो.) ‘ले’चा पहिला अर्थ ‘जो धर्मगुरू नाही तो’. आपल्याकडे भिक्षुक आणि गृहस्थ अशी जी विभागणी होती, तिच्यातला हा गृहस्थ. पुढे पाद्र्याच्या जागी डॉक्टर आला, वकील आला, आणि ‘ले’ म्हणजे त्या त्या धंद्याबाहेरचा माणूस असा अर्थ पसरला.

म्हणून ‘विधीतर सदस्य’ हा कुणीतरी सुचवील असा शब्द मला गमतीचा वाटतो. विधी म्हणजे कायदा हे सरकारी मराठीत. घरात विधी म्हणजे लग्नामुंजीतले विधी. विधीतर सदस्य म्हटले की होमाच्या धुरातून उठून थेट पंगतीला जाऊन बसलेले काका दिसतात. योगायोगाने ‘ले’चा मूळ अर्थ तोच आहे, पण वहिनींना त्याचा उपयोग नाही.

‘बिगरन्यायिक सदस्य’ ऐकायला अधिकृत वाटतो. तो मात्र चुकीचाच आहे, कारण त्या करतात ते काम पूर्णपणे न्यायिक आहे. त्यांच्यापाशी नाही ती फक्त कायद्याची पदवी किंवा वकिली. तिकडे हल्ली ‘ले’ऐवजी ‘नॉन-लीगल मेंबर’ म्हणतात, तेही याच कारणाने. त्याला चोख प्रतिशब्द हवा असेल तर ‘शिक्षकेतर’च्या चालीवर ‘विधिज्ञेतर सदस्य’ करता येईल. अर्थ बिनचूक, पण तोंडात दगड ठेवल्यासारखा. शिवाय ‘शिक्षकेतर’ म्हणवून घेणाऱ्या कुठल्याही लेखनिकाला विचारा, ‘इतर’मध्ये गणले जाणे कसे वाटते ते.

‘प्रतिनिधी’ हा सापळा आहे आणि त्यात बरेच जण पडतील. या सदस्यांची नेमणूक मालकांच्या किंवा नोकरदारांच्या संघटनांशी सल्लामसलत करून होत आली आहे. पूर्वी नावेच मुळी संघटनांकडून येत. पुढे उघडपणे अर्ज मागवू लागले. पण एकदा खुर्चीवर बसले की ते कुणाचेच प्रतिनिधी नसतात. मालकांच्या यादीतल्या सदस्याने मालकाविरुद्ध मत देणे यात तिथे काही नवल नाही. ‘मालक-प्रतिनिधी’ लिहिलेत तर मराठी वाचक त्यांना वाटाघाटीच्या टेबलावर बसवील. ‘मानद’ही लिहू नका, बसण्याच्या दिवसाप्रमाणे त्यांना मानधन मिळते.

मग राहतो आपला जुना शब्द, पंच. मनाने मी याच बाजूचा आहे. मराठेशाहीतल्या गोतसभेचे, म्हणजे तंटे सोडवणाऱ्या गावसभेचे, महजर (निवाड्याचे कागद) पाहावेत. वतनाचा तंटा असो, शिवेचा असो, निवाड्याला पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार बसत, आणि अक्षरओळख नसलेला माणूस सहीच्या जागी आपल्या धंद्याची निशाणी काढी. पाटलाचा नांगर तर प्रसिद्धच आहे; बाकीचे आपापले हत्यार काढत. कागदावर नांगर काढून निवाड्याला साक्ष ठेवणारा माणूस आणि कारखान्यात तीस वर्षे काढून पीठावर बसणारा माणूस, दोघांची पात्रता एकच: कामाची जागा आतून ठाऊक असणे. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण न्यायाधीशाच्या तोंडाबद्दल नाही, हे लक्षात घ्या.

अडचण आजच्या ‘पंच’ची आहे. वर्तमानपत्रात पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारे दोघे, मैदानावर पायचीतचा निर्णय देणारा, आणि जातपंचायतीच्या बातम्यांत तर बहिष्कार घालणारे लोक, ज्यांच्यासाठी महाराष्ट्राला २०१६चा कायदा करावा लागला. ‘पंच सदस्य’ अशी जोडी करावी तर गोव्यात तो ग्रामपंचायतीचा निवडून आलेला सदस्य असतो. स्मरणिका पेडण्यात पोचली तर वहिनींना रस्त्याच्या डांबरीकरणाबद्दल फोन येतील.

आपल्या कायद्यांत तयार शब्द सापडतो का, म्हणून पाहिले. ‘मॅट’मध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, न्यायिक सदस्य आणि प्रशासकीय सदस्य असतात. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेनेही औद्योगिक न्यायाधिकरणासाठी हीच जोडी घेतली आहे. पण प्रशासकीय सदस्य सरकारी कारभारातून येतो, कारखान्यातून नव्हे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात न्यायाधिकरणाला सल्ला देण्यासाठी दोन असेसर नेमायची सोय होती. त्यांना मत नव्हते. कामाच्या दृष्टीने सर्वांत जवळचे नातेवाईक बाल न्याय मंडळात आहेत: एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. त्या दोघांना कायद्याने ‘अमुक नसलेले’ म्हटलेले नाही, ते जे आहेत तेच म्हटले आहे. मला हा मार्ग पटतो. इंग्रजी शब्द उणिवेवरून नाव ठेवतो म्हणून आपणही ठेवावे असे थोडेच आहे?

म्हणून एकच शब्द हवा असेल तर मी ‘जाणकार सदस्य’ म्हणेन. ‘तज्ज्ञ’ नको, कारण तज्ज्ञ साक्ष द्यायला येतो. ‘जाणता’ही नको, त्याच्यामागे राजा आणि राजकारण दोन्ही येतात.

‘रोजगार न्यायाधिकरण’ही बदला. रोजगार हमी, रोजगार मेळावा यांमुळे तिथे नोकऱ्या वाटतात असे वाटते. ‘कामगार न्यायालय’ म्हणावे तर आपल्या कायद्यातल्या ‘कामगार’च्या व्याख्येत व्यवस्थापक बसत नाही, तिकडे मात्र व्यवस्थापकही दाद मागू शकतो. ‘नोकरीविषयक न्यायाधिकरण’ पुरेसे आहे.

स्मरणिकेत मात्र पदनाम टाळून सरळ वाक्य लिहा: ‘इंग्लंडमध्ये मालक आणि नोकरदार यांच्या तंट्यांचा निवाडा करणाऱ्या न्यायाधिकरणावर त्यांची नेमणूक झाली असून, कामाच्या ठिकाणचा अनुभव असलेल्या जाणकार सदस्य म्हणून त्या न्यायाधीशांच्या शेजारी बसतात.’ मामांना हे वाचून दाखवा. आणि ‘सदस्या’ करायची गरज नाही. पदाचे नाव असले की बाईलाही ‘सदस्य’ चालते.