तीन प्रश्न आणि एकच उत्तर
तुम्ही कामाच्या एका ईमेलमध्ये तीन प्रश्न विचारले आणि उत्तर पहिल्याचेच आले, याचा मनस्ताप मला ठाऊक आहे, कारण नोकरीच्या सुरुवातीला मीही त्यातून गेलो आहे. बरेच जण मोबाइलवर, दोन बैठकांच्या मधल्या वेळेत, वरच्या चार ओळी वाचतात आणि तेवढ्यावरच उत्तर देऊन मोकळे होतात. म्हणून प्रश्न अनेक असतील, तर ‘मला तीन गोष्टींची उत्तरे हवी आहेत’ असे पहिल्याच वाक्यात लिहा आणि त्यांना क्रमांक द्या. विषयाच्या ओळीत नुसते ‘महत्त्वाचे’ लिहू नका. ‘मार्चच्या अहवालाची मंजुरी, गुरुवारपर्यंत’ असे लिहिले, की ईमेल न उघडताही काम कळते.

ईमेलच्या पत्त्यांतल्या ‘टू’ आणि ‘सीसी’ या ओळींतला फरक मात्र काटेकोरपणे पाळा. ज्याच्याकडून उत्तर हवे, त्याचे नाव ‘टू’मध्ये. सीसी म्हणजे कार्बन कॉपी, टंकलेखन यंत्राच्या काळात कार्बन कागदाने निघणारी जादा प्रत; आजही ती माहितीपुरतीच समजली जाते. ‘टू’मध्ये सहा नावे असली, की प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणीतरी उत्तर देईल. एकदा मला असेच आठवडाभर कोणीही उत्तर दिले नाही. मग त्याच मजकुराच्या आरंभी एका सहकाऱ्याचे नाव घालून तो पुन्हा पाठवला, तेव्हा तासाभरात उत्तर आले.

उत्तर रखडले म्हणून लगेच साहेबांना सीसीत घेऊ नका, त्याने माणूस दुखावतो. दोन दिवसांनी त्याच ईमेलच्या साखळीत राहिलेला प्रश्न तेवढा पुन्हा विचारा, आणि तरीही उत्तर आले नाही तर सरळ फोन करा.