क्रोएशियातल्या स्प्लिटचा, रोमन बादशहा डायोक्लेशियनचा राजवाडा बघायला अर्धा दिवस पुरेल का? आत लोकांची घरं आहेत म्हणे, मग पाहण्यासारखं उरलंय काय?

अर्धा दिवस? नाही पुरत. तुम्ही डुब्रोव्हनिकहून सकाळी येऊन संध्याकाळी परत जायचं म्हणताय, ते तर सोडाच. पण उत्तर लिहायला बसलो ते तुमच्या दुसऱ्या वाक्यामुळे. हेच वाक्य मी सप्टेंबर २०२४ मध्ये, त्याच राजवाड्यात उभं राहून, आमच्या भावोजींच्या तोंडून ऐकलंय.

भावोजी निवृत्त सिव्हिल इंजिनियर. ताई आणि ते आमच्याकडे श्टुटगार्टला आले होते, त्यातले चार दिवस आम्ही स्प्लिटला काढले. मी हट्टाने तटाच्या आतलीच खोली घेतली, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रात्री नऊला चंदेरी दरवाजातून बॅगा ओढत शिरलो. पायाखालचे दगड माणसांच्या पायांनी घासून इतके गुळगुळीत झालेत की कोरडे असतानाही ओले वाटतात. भावोजींनी मान वर केली. रोमन भिंत, तिच्यात मागाहून फोडलेली खिडकी, खिडकीखाली एसीचं खोकं, आणि गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरीवर कुणाच्या तरी चड्ड्या-बनियनी. "हे सगळं अतिक्रमण आहे," ते म्हणाले. "हे बघायला एवढे पैसे घातलेस?"

मला लागलं, कारण हा वाद स्प्लिटचा नव्हताच. मी मालवणचा. माझ्या आईची आत्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दिलेली. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. लहानपणी मे महिन्यात आम्ही होडीने तिच्याकडे जायचो. मिरगाच्या आधी ती आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवायची, कारण पावसात होड्या बंद. "पावसात किल्लो आमचोच," असं ती ऐटीत सांगायची. ताईच्या लग्नानंतर पहिल्यांदा किल्ल्यावर आले तेव्हापासून भावोजींचं म्हणणं एकच: आतली माणसं उठवा, हिरवळ लावा, मग तो खरा किल्ला दिसेल. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग धरून बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हापासून तर त्यांना आणखीच चेव चढलाय. स्प्लिटचा राजवाडा त्याच यादीत १९७९ पासून आहे, माणसांसकट, हे मी त्यांना दर वेळी सांगतो.

तर दुसऱ्या दिवशी मी त्यांना तळघरात नेलं. राजवाडा साधारण २१५ मीटर बाय १८० मीटर, दक्षिणेची भिंत पूर्वी थेट समुद्रात. बादशहाची दालनं वरच्या मजल्यावर होती, ती आता जवळजवळ गेली. पण खालचं तळघर दालनाला दालन जुळेल असं बांधलेलं, म्हणून वर काय होतं ते खाली चालून कळतं. भावोजी कमानींवर हात फिरवत फिरत होते. वीट आणि दगडाचा सांधा बघून खूश. म्हणाले, "हे एवढं शाबूत कसं राहिलं?" मी या प्रश्नाची रात्रभर वाट बघत होतो. वर राहणाऱ्यांनी शतकानुशतकं छताला भोकं पाडून आपला केरकचरा आणि घाण खाली सोडली, तळघर गच्च भरलं, आणि म्हणून ते कुणी ना पाडलं ना त्याचे दगड नेले. विसाव्या शतकात ते उपसून काढलं. "म्हणजे अतिक्रमणाच्या घाणीनं वाचवलं," मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत. घड्याळ बघितलं.

तरी मी सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी सालोनाला नेलं. स्प्लिटपासून पाच-सहा किलोमीटर. हे रोमन काळच्या दाल्मेशिया प्रांताचं मुख्य शहर, डायोक्लेशियन याच भागातला. सातव्या शतकात स्वाऱ्यांमुळे सालोना पडलं आणि तिथली माणसं पळून राजवाड्याच्या तटात शिरली. तिथून स्प्लिट सुरू झालं. आज सालोनात काय आहे? गवत, ऑलिव्हची झाडं, गुडघ्याएवढ्या भिंती, प्रेक्षागाराचं तळाचं कडं. माणसं नाहीत म्हणजे राखणारं कुणी नाही, दगड ज्याला हवे त्याने नेले. भावोजींच्या मताने चाललं असतं तर राजवाडाही असाच दिसला असता. हे मी तिथे मोठ्याने बोललो. ताईने डोळे वटारले, म्हणून थांबलो.

राजवाड्याच्या मधल्या चौकातलं अष्टकोनी चर्च तर सगळ्यांत मोठा पुरावा. ती डायोक्लेशियनने स्वतःसाठी बांधलेली समाधी. यानेच ख्रिश्चनांचा छळ केला, सालोनाचा बिशप दोम्नियस याला ३०४ मध्ये मारलं. पुढे त्याच समाधीचं चर्च झालं, त्याच दोम्नियसच्या नावाचं. बादशहाची शवपेटी कुठे गेली पत्ता नाही, पण घुमट उभा आहे, कारण खाली रोज कुणीतरी दिवा लावत आलं. ज्युपिटर या रोमन देवाच्या देवळाचंही तसंच, तिथे पोरांचा बाप्तिस्मा होऊ लागला. दारातल्या स्फिंक्सचं मुंडकं मात्र गेलंय.

आमची घरमालकीण सत्तरीपुढची. तिला थोडं जर्मन येत होतं. मी वाळत घातलेला शर्ट गल्लीत पडला, तेव्हा तिने मला खिडकीतून दोरी कशी ओढायची ते दाखवलं. दोन्ही टोकांना कप्प्या, इकडून ओढलं की कपडे तिकडे सरकतात, आणि कप्पी करकरते ती अगदी आमच्या बावीवरच्या रहाटासारखी. ती म्हणाली, या दोरीचं समोरचं टोक ज्या घराला आहे तिथे तिची मैत्रीण राहायची, आता ते घर पर्यटकांना देतात. अख्ख्या गल्लीत हिवाळ्यात दिवा लागणारी घरं तीन. रात्री दोनपर्यंत खाली पिऊन ओरडणारे.

तेव्हा हेही सांगायला हवं: मीसुद्धा तिथे खोली घेऊन राहिलो, म्हणजे त्या न लागणाऱ्या दिव्यांत माझाही वाटा आहे. आणि राहणाऱ्यांनी मोडतोडही भरपूर केली, खांबांत भिंती चढवल्या, कमानी बुजवल्या. भावोजी अगदीच चुकीचे नाहीत. नव्वद टक्के आहेत.

आता तुमचं. निदान दोन रात्री राहा, त्यातली एक पहाट चौकासाठी ठेवा. सातच्या आत गेलात तर खांब, काळा स्फिंक्स आणि झाडूवाला एवढेच असतात. मग चंदेरी दरवाजाबाहेरच्या बाजारात अंजीर घ्या. मासळीबाजार सकाळीच बघा. शेजारी गंधकाचं पाणी आहे, त्याच्या वासाने माश्या येत नाहीत असं तिथले लोक सांगतात. मी मालवणी डोळ्यांनी शोधल्या, दिसल्या नाहीत. घंटाघराचा चढ उभा आहे, गुडघे दुखत असतील तर खालूनच नमस्कार करा. चपलांचे तळवे झिजलेले नकोत. भावोजी दुसऱ्याच दिवशी घसरले, तेही 'मला सांभाळून चालता येतं' म्हणत.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिशावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा असेल तर वेगळा लागत नाही. पण डुब्रोव्हनिकहून बस पकडताना ती पेल्येशात्स पुलावरून जाते की न्यूमवरून, हे तिकीट काढतानाच विचारा. न्यूम बॉस्नियात येतं, आणि बॉस्निया शेंगेनबाहेर. तुमच्या व्हिशावर एकाच प्रवेशाची परवानगी असेल तर तिथे उगाच अडकाल.