ठाण्यात हार्ट अटॅकसाठी हॉस्पिटल आधीच ठरवून ठेवायचंय, काय बघावं?

तुम्ही घोडबंदर रोडला राहता, वडिलांना डायबेटिस आहे, म्हणून विचारताय. लॉबीतलं मार्बल बघू नका. कॅथलॅब, म्हणजे बंद नस उघडायची अँजिओप्लास्टी होते ती खोली, आहे का, एवढंच विचारूनही भागत नाही. रात्री दोनला फोन केला तर टीम किती वेळात हजर होते, ते विचारा. पेशंट आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी आणि मोठ्या अटॅकमध्ये 90 मिनिटांच्या आत बंद नस उघडणं, ही जगभरची मोजपट्टी आहे. 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी जमणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी. त्यामुळे नावाजलेल्या हॉस्पिटलसाठी कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्यात शहाणपण नाही.

केरळमधल्या 63 हॉस्पिटलांत, 21 हजारांहून जास्त पेशंटवर झालेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. चेकलिस्टसारखी साधी साधनं दिल्यावर 30 दिवसांतले मृत्यू, पुन्हा अटॅक, पक्षाघात, मोठा रक्तस्राव यांचं एकत्रित प्रमाण 5.3 टक्के दिसलं, एरवी 6.4. पण बाकीचे घटक हिशेबात धरल्यावर तो फरक ठाम राहिला नाही. म्हणजे नुसत्या कागदाने जादू होत नाही, हे खरं.

तरी डिस्चार्जच्या वेळी अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) लिहिलंय ना, नसेल तर का नाही, हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा. आणि छातीत दुखलं की आधी 108.