वाचकांचे प्रश्न : नवीन प्रोसेसर येणार येणार म्हणतेत, तो येणार तरी कधी?

गड्ड्याची जत्रा चालू आहे, होम मैदानावरच्या पाळण्यांचा आवाज खिडकीतनं येतोय आणि मी इथं तुमचे मेसेज वाचत बसलोय. या महिन्यात आलेल्या प्रश्नांतले निम्मे एकाच गोष्टीवर आहेत. २०२६च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लास वेगासला सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन झालं, तिथं डेस्कटॉपचं काहीतरी मोठं निघेल म्हणून पोरं रात्रभर जागली आणि हाती आलं काय, तर एएमडीचा ९८५०एक्स३डी, म्हणजे आपल्या ९८००एक्स३डीलाच थोडा जास्त स्पीड. इंटेलने पँथर लेक आणलं खरं पण ते लॅपटॉपचं. आता सगळे विचारतेत की खरी नवीन पिढी कधी, एएमडीची झेन ६ आणि इंटेलची नोव्हा लेक. चला, घेऊ एकेक.

प्रश्न : दादा, मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, पप्पांनी पीसीसाठी ऐंशी हजार बाजूला ठेवलेत. मित्र म्हणतात झेन ६ येतोय, थांब. किती थांबू?
– जुळे सोलापूर

आधी तारखांचा हिशोब करू, कारण तुझे मित्र जे सांगतात ते बहुतेक कुणाच्या तरी व्हिडिओच्या थंबनेलवरनं सांगतात. एएमडीचे प्रोसेसर रायझन नावानं विकतात, झेन हे त्यांच्या आतल्या डिझाइनचं नाव. पहिला रायझन आला मार्च २०१७ला. त्यानंतर एप्रिल २०१८, मग जुलै २०१९, मग नोव्हेंबर २०२०, मग सप्टेंबर २०२२ आणि झेन ५ म्हणजे ९००० सीरिज ऑगस्ट २०२४. बघ, सुरुवातीला तेरा ते सोळा महिन्यांत नवीन माल यायचा, शेवटच्या दोन वेळा मात्र बावीस-तेवीस महिने लागलेत. तोच हिशोब ऑगस्ट २०२४ला लावला तर २०२६चा जून-जुलै निघतो. पण हा झाला कागदावरचा हिशोब. एएमडीने स्वतः काय सांगितलंय, तर झेन ६ची सर्व्हरची चिप, तिचं नाव व्हेनिस, ती २०२६मध्ये टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या तैवानी कंपनीच्या २ नॅनोमीटर या बारीक सर्किटच्या तंत्रावर येणार. घरच्या पीसीवाल्या झेन ६ची तारीख कंपनीच्या तोंडून आलेली नाही. सर्व्हरमध्ये पैसा रग्गड आहे आणि २ नॅनोमीटरच्या लाइनीवर सगळ्या जगाची रांग लागलीये, त्यामुळे आपल्यासारख्यांचा नंबर मागं गेला तर मला अजिबात नवल वाटणार नाही. माझा स्वतःचा अंदाज वर्षाच्या अगदी शेवटी किंवा पुढच्या वर्षी सीईएसला. अंदाजच आहे, चुकला तर पुढच्या अंकात कान धरा.

आता तू गेमिंगसाठी घेणार असशील (पप्पांना अभ्यास सांगितला असशील, चालतंय) तर तुला साधा झेन ६ नको असणार, एक्स३डीवाला, म्हणजे गेमसाठी जास्तीची कॅश मेमरी लावलेला, हवा असणार. तो वेगळा येतो. ५८००एक्स३डी त्याच्या पिढीनंतर सतरा महिन्यांनी आला, ७८००एक्स३डी सहा महिन्यांनी आणि ९८००एक्स३डी तर तीनच महिन्यांत, ७ नोव्हेंबर २०२४ला. अंतर कमी होत चाललंय हे चांगलंय, पण म्हणजे तुझी वाट अजून एक पायरी लांबलीच की.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ती मित्र सांगत नाहीत. रॅम. २०२५च्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत डीडीआर५चे भाव दुप्पट-तिप्पट झालेत, कारण एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरवण्यात सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन तिघं गुंतलेत, त्यात जास्त पैसा आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये जाहीरच केलं की क्रुशल या नावाने ग्राहकांना विकायचा धंदा आम्ही बंद करतोय. झेन ६ आला तरी त्याला डीडीआर५च लागणार, मग प्रोसेसरच्या नादात थांबून रॅमला अजून दहा हजार जास्त घातले तर फायदा कुणाचा झाला?

मी हे भोगलंय म्हणून सांगतो. २०२०च्या उन्हाळ्यात माझा जुना पीसी मेला, मी म्हटलं आता झेन ३ येतोयच, थांबू. आला नोव्हेंबरात. आपल्याकडं कुठंच स्टॉक नाही, रोज फोन केला की दुकानदाराचं एकच, "मालक, पुढच्या आठवड्यात". शेवटी मार्चमध्ये पुण्याहून ५६००एक्स आणला, एसटीत मांडीवर डबा धरून, शेजारचे काका विचारत होते मिठाई आहे का. तोवर ग्राफिक कार्डाचे भाव आभाळाला टेकले होते, त्यामुळे अख्खं वर्ष जुन्याच कार्डावर काढलं. बारा हजार वाचवायला गेलो आणि वीस घालवले.

तुझ्यासाठी सांगायचं तर एएम५ (एएमडीचा प्रोसेसर बसतो ती सध्याची खाच, म्हणजे सॉकेट) बोर्डावर आत्ता रायझन ७६०० किंवा ९६००एक्स घे, १६ जीबीची एकच काडी टाक, दुसरा स्लॉट रिकामा ठेव, भाव उतरले की भर. एका काडीने स्पीड थोडा कमी मिळतो हे मान्य, पण इंजिनिअरिंगला चार वर्षं आहेत. एएम५ सॉकेट २०२७ आणि त्यापुढंही चालवू असं एएमडीने २०२४च्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात सांगितलंय, मग तिसऱ्या वर्षाला याच बोर्डावर नुसता प्रोसेसर बदलायचा.

प्रश्न : नवीन प्रोसेसरच्या या लीक, म्हणजे आधीच फुटलेल्या बातम्या, येतात कुठून आणि त्यातलं खरं काय मानायचं?
– एक प्राध्यापक, सात रस्ता

सर, तुमच्या नळाला पाणी कितव्या दिवशी येतं? आमच्याकडं चौथ्या-पाचव्या दिवशी आणि कधी येणार यावर गल्लीत रोज चर्चा. एकजण म्हणतो रात्री दोनला, दुसरी म्हणते माझ्या जावेकडं आलं म्हणजे आपल्याला सकाळी. आणि एकजण असा असतो जो चावी फिरवणाऱ्या माणसाला सायकलवरनं जाताना बघून सांगतो. लीकचंही तसंच आहे, कुणी काय बघितलंय ते विचारायचं.

चावीवाल्याला बघितल्यासारखी लीक म्हणजे कस्टम्सच्या नोंदी. गंमत म्हणजे यातल्या कितीतरी आपल्याच देशातल्या असतात, कारण इंटेल आणि एएमडीच्या लॅब बेंगळुरू-हैदराबादला आहेत, तिथं टेस्टिंगसाठी चिपा येतात आणि पार्सलच्या कागदावर सॉकेटचं नाव, कोअरची (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांची) संख्या असलं काहीबाही लिहिलेलं असतं. नोव्हा लेकचा नवीन १९५४ पिनांचा सॉकेट असणार ही चर्चा असल्याच कागदांवरनं पसरली. यातनं चिप आहे, कुठल्यातरी टेबलावर चालू होतीये एवढं नक्की कळतं. विक्री कधी हे कळत नाही, कारण इंजिनिअरिंग सॅम्पल, म्हणजे चाचणीचा नमुना, हातात आल्यापासून त्यातल्या चुका काढून नवीन स्टेपिंग, म्हणजे सुधारलेली आवृत्ती, काढणं, ते परत तपासणं, यात महिने जातात.

दुसरी म्हणजे कंपाइलरमधले, म्हणजे प्रोग्राम चिपच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधले, बदल. जीसीसी या कंपाइलरमध्ये झेन ५ ओळखायचा बदल, म्हणजे पॅच, फेब्रुवारी २०२४ला आला आणि चिप ऑगस्टमध्ये, म्हणून लोकांनी नियमच करून टाकला की पॅचनंतर सहा महिने. पण सर, झेन ४चा पॅच आला होता ऑक्टोबर २०२२ला, चिप दुकानात आल्यानंतर! दोनच उदाहरणं आणि दोन्ही उलटी, नियम कसला डोंबलाचा.

गीकबेंच या स्पीड मोजणाऱ्या प्रोग्रामचे आकडे दिसतात ते बहुतेक वेळा खऱ्याच चिपचे असतात, फक्त अर्धवट क्लॉकवर (स्पीडवर) चालवलेले, त्यामुळे "फक्त ५ टक्के वाढ" असल्या हेडलायनीवर रडायचं कारण नाही. आणि "माझ्या सूत्रांनुसार" म्हणून सुरू होणारे व्हिडिओ म्हणजे जावेकडचं पाणी. झेन ६ला एका चिपलेटमध्ये (चिपच्या एका तुकड्यात) आठाऐवजी बारा कोअर, नोव्हा लेकला बावन्न कोअर हे आकडे तिथं इतक्या वेळा फिरलेत की आता खरेच वाटायला लागलेत. मला स्वतःला बाराचं पटतं, पण माझं पटणं म्हणजे पुरावा नाही.

आणि कंपनीने स्वतः तारीख दिली म्हणजे पक्की, असंही नाही बरं का. ९००० सीरिज ३१ जुलै २०२४ला येणार होती, सगळं ठरलेलं. आठवड्याभरावर आलं आणि एएमडीने सांगितलं की पहिला माल आमच्या क्वालिटीत बसला नाही, दुकानांतला परत मागवला. मग दोन मॉडेल ८ ऑगस्टला आणि दोन १५ला आली. इंटेलचं १० नॅनोमीटर तर तुम्हाला आठवत असेलच, वर्षानुवर्षं पुढं पुढं गेलं आणि शेवटी २०२१च्या मार्चमध्ये रॉकेट लेक आलं ते जुन्या १४ नॅनोमीटरवरच, नवीन डिझाइन जुन्या कपड्यात शिवल्यासारखं.

प्रश्न : माझं टॉवेल-चादरीच्या डिझाइनचं काम आहे. २०१७चा आय५ आहे, सातव्या पिढीचा, विंडोज ११ घेत नाही. मुलगा म्हणतो दिवाळीत इंटेलचं नवीन येतंय तेव्हाच घेऊ.
– अक्कलकोट रोड एमआयडीसी

काका, मुलाचं दिवाळीचं गणित चुकीचं नाही हां. इंटेलची बारावी पिढी आली ४ नोव्हेंबर २०२१ला, त्या दिवशी चक्क लक्ष्मीपूजन होतं. तेरावी २० ऑक्टोबर २०२२, चौदावी १७ ऑक्टोबर २०२३ नवरात्रात, आणि कोअर अल्ट्रा २०० ही २४ ऑक्टोबर २०२४ला. नोव्हा लेकसाठीही इंटेलने २०२६च्या शेवटचंच बोलून ठेवलंय. पण तुम्हाला त्याचा उपयोग काय?

जॅकार्डचं डिझाइन म्हणजे शेवटी चौकटी भरलेलं चित्र, कुठं धागा वर कुठं खाली. तुमच्या वडिलांच्या काळात तेच पुठ्ठ्याच्या पंचकार्डावर भोकं पाडून करायचे. त्याला बावन्न कोअर कशाला? २०२२च्या जानेवारीत आलेला आय५ १२४०० सुद्धा या कामाला भरपूर झाला.

आणि एक गोष्ट करा, आजच कॅबिनेट उघडून रॅम बघा. सातव्या पिढीच्या बहुतेक मशीनीत डीडीआर४ असते, तुमचीही तीच असेल तर ती काडी जपून ठेवा. बाराव्या पिढीला डीडीआर४वाले एच६१० बोर्ड मिळतात, त्यात तीच काडी बसेल आणि आजच्या भावात तेवढे पैसे वाचले. उघडलंच आहे तर कापसाचा कचरा ब्लोअरने काढा, मागं एका लूमवाल्याचा पीसी बघितला होता, पंख्याच्या पात्यांवर अक्षरशः गोधडी झालेली, आणि तो म्हणत होता विंडोज स्लो झालंय.

घ्यायच्या आधी तुमच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (लायसन्सची चावी) विंडोज ११वर चालतं का ते मात्र ज्याच्याकडनं घेतलं त्याला विचारा, तिथं अडकलं तर नवीन पीसी नुसता शोभेला. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय. जास्तीचे सिक्युरिटी अपडेट नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात, तेवढी मुदत तुमच्या हातात आहे, त्यानंतर दिवाळीचं बघत बसू नका.

प्रश्न : नवीन आलं की जुनं स्वस्त होतं, खरं का?
– नवी पेठ

कधी कधी. २०२४च्या शेवटी ९८००एक्स३डी यायच्या तोंडावर ७८००एक्स३डी स्वस्त व्हायच्या ऐवजी महाग झाला, कारण माल संपत आला आणि मागणी तशीच. चालणाऱ्या मॉडेलचं असंच होतं, न चालणारं पडून राहतं ते स्वस्त होतं. दुकानदार अमेरिकेची किंमत दाखवून "बघा किती कमी" म्हणत असेल तर लक्षात ठेवा, तिकडची किंमत टॅक्स सोडून असते, इकडं १८ टक्के जीएसटी लागतो. बिल घ्या, बिलाशिवाय वॉरंटी विसरा.

प्रश्न : माझ्याकडं एएम५चा बी६५० बोर्ड आहे. झेन ६ त्यात बसेल ना?
– होटगी रोड

बसावा. पण "बसावा" आणि "बसतो" यात काय फरक असतो ते एएम४वाल्यांना, म्हणजे त्याआधीच्या सॉकेटवाल्यांना, विचारा. मे २०२०मध्ये एएमडीने सांगितलं होतं की झेन ३ जुन्या बी४५०, एक्स४७० बोर्डांवर चालणार नाही, बायोसच्या (बोर्ड चालू करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) चिपमध्ये एवढ्या प्रोसेसरांची माहिती मावत नाही म्हणून. लोकांनी इतका आरडाओरडा केला की थोड्याच दिवसांत निर्णय फिरवला, आणि त्याहून जुन्या एक्स३७०ला तर २०२२मध्ये जाऊन परवानगी मिळाली. म्हणून तुमच्या बोर्डाच्या पानावर झेन ६चं बायोस आलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मगच प्रोसेसरचे पैसे द्या. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते पण बघून ठेवा, असेल तर नुसत्या पेनड्राइव्हवर काम होतं. अपडेट चालू असताना लाइट गेली तर काय होतं ते मला विचारू नका, यूपीएस लावूनच करा, आणि उन्हाळ्यात दुपारी तर करूच नका.