आधी पेशंट, मग स्कॅनर

प्रिय मुली,

तुझा मेल वाचला. सायकिअ‍ॅट्रीत एमडी करू की न्यूरोसायन्समध्ये पीएचडी, हा घोळ समजला. पण एवढ्या लांबलचक मेलमध्ये एकाही पेशंटचा उल्लेख नाही, याचीच मला जास्त काळजी वाटली.

क्लोरप्रोमाझिन हे भास-संशयांवरचं जुनं औषध १९५२ मध्ये पॅरिसला मनोरुग्णांपर्यंत पोचलं, ते लाबोरी नावाच्या सर्जनमुळे. ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या या औषधाने माणसं शांत, अलिप्त होतात हे त्यांनी टिपलं होतं. ते मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचे रिसेप्टर (ते रसायन टिपणारे पेशींवरचे भाग) अडवतं, हे पक्कं व्हायला सत्तरचं दशक उजाडलं. झॅनोमेलिन या दुसऱ्या औषधाचं पाहा. नव्वदच्या दशकात ते अल्झायमरच्या पेशंटना स्मरणशक्तीसाठी दिलं, तेव्हा त्यांचे भास आणि संशयही कमी झालेले दिसले. मळमळ-उलट्यांमुळे औषध मागे पडलं. पुढे त्याचा परिणाम रोखणारं, पण मेंदूत फारसं न शिरणारं ट्रोस्पियम जोडीला देऊन तो त्रास आवाक्यात आणला, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत या जोडीला स्किझोफ्रेनियासाठी (भास-संशयांचा गंभीर मानसिक आजार) मान्यता मिळाली. काम मस्करिनिक नावाच्या वेगळ्याच रिसेप्टरवर, डोपामाइनच्या रिसेप्टरला हातही न लावता! ही वाट पेशंटच्या नोंदींतून सापडली.

परवा ओपीडीत स्किझोफ्रेनिया असलेल्या एका मुलाची आई सांगत होती, "आवाज बंद झालेत हो, पण आंघोळीची बादली भरून दिली तरी हा तासभर तसाच बसतो." इथे आपली बहुतेक औषधं तोकडी पडतात. तू म्हणशील, स्कॅनरमध्ये बक्षिसाचा टास्क देऊन स्ट्रायटम, म्हणजे मेंदूतला बक्षिसाशी निगडित भाग, बघू. बघ ना! पण त्या मुलाला काही हवंसंच वाटत नाही, की वाटतं पण उठवत नाही, की औषधाच्या डोसने तो जड झालाय? तिन्हींचा टास्क वेगळा, कदाचित इलाजही वेगळा. त्याच्याजवळ बसल्याशिवाय हे कसं कळणार तुला?

संशोधनात असूनही मी ओपीडी सोडली नाही. त्यापायी पेपर कमी निघाले, बरोबरचे पुढे गेले. जाऊ देत. मला सुचलेले धड प्रश्न सगळे पेशंटनीच दिलेत. गणित पुरेसं शिकायचं राहिलं, त्याची मात्र हळहळ वाटते. तू शीक, प्रोग्रॅमिंगही शीक. पण आधी पेशंट.

एमडी कर नाहीतर पीएचडी, मला दोन्ही चालेल. लॅब निवडताना गाइडला पहिलं हेच विचार, की इथे आठवड्यातून किती वेळ पेशंटबरोबर बसायला मिळेल. टाळाटाळ केली तर दुसरी लॅब शोध.

तुझे सर