सांगलीचा पूर आणि रस्तेरचना: तीन विषयांची मॉडेलं एकत्र कशी आणायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध, विषय कृष्णेचा पूर आणि सांगलीची रस्तेरचना. हाताशी ३० मीटरचा मोफत डीईएम (दर ३० मीटरच्या चौकोनाला एक उंची देणारा डिजिटल नकाशा), क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर), हेक-रास (पुराचं गणित करणारं) आणि डेप्थमॅप (रस्त्यांच्या जोडणीचं). भूगोलाचे सर, सिव्हिलचे सर आणि तुमच्या गाईड मॅडम तिघंही ‘मॉडेल’ मागतात, पण तिघांच्या मनात वेगवेगळी वस्तू आहे.

सॉफ्टवेअर जुळवणं हे एका दुपारचं काम आहे. सगळे थर डब्ल्यूजीएस ८४ यूटीएम झोन ४३ उत्तर (ईपीएसजी ३२६४३) या एकाच निर्देशांक पद्धतीत आणले की नकाशे एकमेकांवर बसतात. गाडी अडते ती उंचीवर, आणि ती अडल्याचं नकाशा बघून कळत नाही.

आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फूट ६ इंचांपर्यंत गेलं. म्हणजे धोका पातळीपासून महापुरापर्यंतचं अंतर साडेबारा फूट, ३.८१ मीटर. युरोपच्या कोपर्निकस उपक्रमाच्या ३० मीटर डीईएमची जाहीर अचूकता ९० टक्के विश्वासमर्यादेला ४ मीटरच्या आत, नासाच्या एसआरटीएमची १६ मीटर (सपाट भागात ती प्रत्यक्षात बरीच बरी निघते). तुम्हाला जे मोजायचंय ते आणि मोजपट्टीची चूक एकाच मापाची आहे. त्यामुळे डीईएमवर सरळ ‘५७.५ फुटांचं पाणी’ ओतून निळा रंग भरलेला नकाशा काढू नका. तो दिसायला छान दिसतो, एवढंच.

दुसरी अडचण शून्याची. पुलावरचे फूट त्या पट्टीच्या शून्यापासून मोजलेले, समुद्रसपाटीपासून नाहीत. शून्याची आर.एल. (समुद्रसपाटीपासूनची उंची) पाटबंधारे विभागाकडून लेखी घ्या, मगच फुटांचे मीटर करून तीत मिळवा. फूट-इंच आणि दशांश यांचा घोळही इथेच होतो. ५७ फूट ६ इंच म्हणजे ५७.५, कुठे ‘५७.६’ दिसलं तर तो बहुधा इंचांचा आकडा टिंबानंतर चिकटवलेला असतो. इथे फरक ३ सेंमीचाच, पण ४५ फूट ११ इंचांचं ‘४५.११’ झालं तर २५ सेंमी गेले.

तिसरी अडचण डेटमची, म्हणजे उंची कोणत्या पृष्ठभागापासून मोजली त्याची. एसआरटीएमच्या उंच्या ईजीएम ९६ जिऑइडवर (समुद्रसपाटीचा काल्पनिक पृष्ठभाग), कोपर्निकसच्या ईजीएम २००८ वर, आणि इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरच्या कार्टोडीईएमच्या थेट डब्ल्यूजीएस ८४ लंबगोलावर (पृथ्वीचा गणिती आकार). आपल्याकडे जिऑइड लंबगोलाच्या बराच खाली आहे, म्हणून कार्टोडीईएममध्ये सांगलीची जमीन साठ मीटरांहून जास्त खाली दिसते. आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक) जीपीएसच्या आकड्यांचंही तेच. सूत्र सोपं आहे: समुद्रसपाटीची उंची = लंबगोलावरची उंची वजा जिऑइडचा आकडा (लंबगोलापासून जिऑइडची उंची). आपल्याकडे तो आकडा ऋण असल्यामुळे वजाबाकीत उंची वाढते. चिन्ह उलटं पडलं तर चूक दुप्पट होते.

करायचं असं. डीईएम एकच निवडा. माझं मत कोपर्निकसच्या बाजूने, किंवा त्यातली घरं-झाडं काढून केलेला फॅबडेम. अभ्यासासाठी तो मोफत मिळतो. मग शाळांची मैदानं, मोकळे चौक, नदीकाठची मोकळी जमीन अशा ठिकाणी आरटीकेने किंवा ज्ञात उंचीच्या बेंचमार्कवरून ऑटो लेव्हलने (उंची मोजायची दुर्बीण) निदान ३० ते ४० बिंदू घ्या. डीईएम वजा मोजलेली उंची असा फरक काढा, त्याची सरासरी डीईएममधून वजा करा आणि उरलेला विखुरलेपणा प्रबंधात छापा. हे बिंदू कापड पेठेसारख्या दाट वस्तीत घेऊ नका. तिथे ३० मीटरच्या चौकोनात छप्परच जास्त येतं. सिव्हिलच्या विद्यार्थ्यांना सोबत घेतलंत तर दोन दिवसांत होण्यासारखं काम आहे.

आता हेक-रास. डीईएममध्ये नदीचं पात्र नाही, मोजणीच्या दिवशीचा पाण्याचा पृष्ठभाग आहे (एसआरटीएम फेब्रुवारी २००० मधलं). पात्राचे आडवे छेद मिळवून ते टेरेनमध्ये कोरले नाहीत, तर नदीची बरीच वहनक्षमता गायब होते आणि कमी विसर्गातच शहर बुडालेलं दिसतं.

सांगलीपुरता सगळ्यात महत्त्वाचा निर्णय म्हणजे मॉडेल कुठे संपवायचं. हरिपूरला वारणा मिळते. तिथेच खालची सीमा धरून ‘नॉर्मल डेप्थ’ (नदीच्या उतारावरून ठरणारी पाण्याची खोली) दिलीत तर वारणेचा फुगवटाच मॉडेलबाहेर राहतो. सीमा अंकलीच्याही खाली, म्हैसाळकडे न्या आणि वारणेचा विसर्ग स्वतंत्र द्या. धरणांचे आकडे क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) असतात, मॉडेल मेट्रिकमध्ये: १ क्युमेक (सेकंदाला घनमीटर) म्हणजे ३५.३१ क्युसेक.

जाळी (मॉडेलचे हिशेबाचे चौकोन) शेतात ५० मीटरची, शहरात २० मीटरची पुरते. रेल्वेचा भराव आणि उंच रस्ते यांवर ब्रेकलाइन (चौकोनांच्या कडा उंचवट्यावर बसवणारी रेषा) टाकाच. ३० मीटरच्या डीईएममध्ये भराव चपटा होतो आणि पाणी त्यावरून सरळ चालत जातं. पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर आणि चौकोन २० मीटरचा असेल तर कालपायरी (दोन गणनांमधला वेळ) १० सेकंदांच्या आत ठेवा, नाहीतर आकडे डोलायला लागतात. मॅनिंगचा n (वाहत्या पाण्याला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा) पात्रासाठी ०.०३ ते ०.०३५ पासून सुरू करा. पिकांसाठी तक्त्यात ०.०३ ते ०.०५ दिसेल, पण ते उसाला लावू नका. ऑगस्टमध्ये आदल्या वर्षी लावलेला आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, ०.०६ ते ०.०८ पासून सुरुवात करून जुळवत जा.

पडताळणीत ऊस पुन्हा आडवा येतो. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार चित्रात पाणी काळं दिसतं, पण उसाची पानं पाण्याच्या वर असतील तर त्याची सी-बँड लहर आत पोचत नाही आणि शेत कोरडं वाटतं. शहरात भिंती आणि पाणी मिळून लहर दोनदा परतवतात, त्यामुळे बुडालेला गावभाग उलट चकचकीत दिसू शकतो. म्हणून रडार चित्र फक्त उघड्या माळावर आणि नदीकाठी वापरा, शहरात भिंतींवरच्या पुराच्या खुणा मोजा. खुणेची रस्त्यापासूनची उंची पुरत नाही, तिची आर.एल. हवी.

रस्त्यांचं मॉडेल, म्हणजे स्पेस सिंटॅक्स (कोणता रस्ता बाकीच्यांशी किती जोडलेला ते मोजण्याची पद्धत), त्यामानाने सोपं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये बिल हिलियर आणि ज्युलिएन हॅन्सन यांनी ही पद्धत मांडली. ओपनस्ट्रीटमॅपमधून दुभाजकाचे रस्ते दोन-दोन रेषांत येतात, ते आधी एक करा. नकाशा नदीवर कापू नका. सांगलवाडी, माधवनगर, कुपवाड आणि मिरज आत हवेत, नाहीतर कडेचे रस्ते फुकटचे ‘दुर्लक्षित’ ठरतात.

मग पाण्याची खोली रस्त्यांवर उतरवा. सेगमेंटच्या (दोन चौकांमधला रस्त्याचा तुकडा) मध्यबिंदूची खोली घेऊ नका. दर १० मीटरला बिंदू टाकून त्यातली सर्वांत जास्त खोली घ्या, कारण रस्ता एका खड्ड्यानेही बंद होतो. ३० सेंमीवर रस्ता बंद धरा. बंद सेगमेंट काढून ४०, ४५, ५० आणि ५७.५ फुटांना पुन्हा गणना करा. सेगमेंटची संख्या दर वेळी बदलते, म्हणून इंटिग्रेशनचे (रस्ता बाकीच्या सगळ्यांना किती जवळ) कच्चे आकडे शेजारी ठेवून तुलना चालत नाही. एनएआयएन (इंटिग्रेशनचं) आणि एनएसीएच (रस्त्यावरून किती मार्ग जातात त्याचं) ही सामान्यीकृत मापं वापरा. त्याआधी ‘नोड काउंट’चा (त्या सेगमेंटपासून पोचता येणाऱ्या सेगमेंटची संख्या) स्तंभ बघा. बाकीच्यांपेक्षा वेगळा, लहान आकडा दिसला तर तो भाग बेट झालाय. त्याचे आकडे वगळा, पण बेट नकाशावर ठळक दाखवा. तुमच्या प्रबंधाचं उत्तर बहुतेक त्या बेटांतच असेल.

राहिलं मॅडमचं मॉडेल, पुठ्ठ्याचं. १:२००० प्रमाणात ते ३.८१ मीटर १.९ मिमी होतात, म्हणजे २ मिमी माउंटबोर्डच्या एका थरातच अख्खा महापूर. उभं प्रमाण १:४०० घेतलंत तर साडेनऊ मिमी, जवळपास पाच थर. पण मग घरं कोणत्या प्रमाणात लावणार? दुमजली, ७ मीटरचं घर १:२००० ने साडेतीन मिमी होतं आणि पाण्याखाली पूर्ण जातं. तेच १:४०० ने साडेसतरा मिमी होतं आणि ५ मिमीच्या पायावर काडीसारखं उभं राहतं. म्हणून घरं उभी करू नका. त्यांचे ठसे थरांवर छापा, पाणी पारदर्शक ॲक्रिलिकचं करा आणि दोन्ही प्रमाणं पाटीवर लिहा.